दागिन्यांच्या लाकडी पेटीची दारे बसविणे

दागिन्यांच्या हातबनावटीच्या लाकडी पेटीस समोरून दोन झडपांची दारे बसविणे हे सुतारकामातील बारीक जुळणीचे काम होय. महाराष्ट्रातील जुन्या घरांत आढळणाऱ्या फणेरपेटीला वरून झाकण असते आणि ते स्वतःच्या वजनाने बसते. कपाटासारख्या उभ्या पेटीत मात्र दाराचा सर्व भार बिजागऱ्यांवर येतो, व दोन झडपांमधील फट समोरच दिसते. त्यामुळे अर्ध्या मिलिमीटरची चूकही डोळ्यांत भरते.

लाकूड आणि हवामान

दारे नीट न बसण्याचे दोष बहुधा कारागिराच्या हातास लावले जातात; त्यांपैकी बरेचसे खरे तर हवेतील ओलाव्याचे असतात. लाकूड ओलावा शोषून फुगते आणि कोरड्या हवेत आकसते. हा बदल लांबीत नगण्य, रुंदीत मात्र जाणवण्याजोगा असतो. ओल्या अवस्थेतून पूर्ण वाळेपर्यंत साग वर्तुळरेषांच्या दिशेने सुमारे ५ टक्के आणि त्रिज्येच्या दिशेने त्याच्या निम्मा आकसतो.

नागपूरसारख्या शहरात ही अडचण तीव्र होते. मे महिन्यात तापमान ४५ अंश सेल्सिअसच्या आसपास जाते व दुपारची हवा अत्यंत कोरडी असते. जुलै-ऑगस्टमध्ये तीच हवा ओलाव्याने जड होते. रामदासपेठेसारख्या वस्तीत त्यात कूलरची भर पडते. बाहेर वैशाख तापलेला असताना कूलरच्या झोतातील खोली दमट असते, आणि शेजारची वातानुकूलित खोली कोरडी. एकाच घरात पेटी या खोलीतून त्या खोलीत हलविली तरी काही आठवड्यांत दारांची फट बदलू शकते. लाकडातील ओलावा ६ टक्क्यांनी वाढला, तर १०० मि.मी. रुंदीची सागाची सलग फळी सुमारे १ मि.मी. रुंदावते. अशा दोन फळ्यांची दारे असतील तर २ मि.मी. जागा कोठून आणावयाची, हा प्रश्न उरतो.

त्याचे जुने उत्तर म्हणजे चौकट आणि दिलहा. चारी बाजूंच्या अरुंद पट्ट्यांची चौकट करून तिच्या खाचेत पातळ दिलहा मोकळा सरकवितात. त्यास सरस लावीत नाहीत. दोन उभ्या पट्ट्या मिळून ४० मि.मी. रुंद असल्या तर झडपेची हालचाल अर्ध्या मि.मी.हून कमी राहते, आणि दिलहा खाचेच्या आत फुगतो वा आकसतो. दिलह्याला पॉलिश जोडणीपूर्वीच करावे. नाहीतर उन्हाळ्यात तो आकसला की कडेला कोऱ्या लाकडाची रेघ उघडी पडते. पॉलिश दोन्ही अंगांस सारखे असावे. एकच बाजू चकचकीत केलेली फळी वाकते.

विदर्भात या कामासाठी साग सहज सुचतो. चंद्रपूर व गडचिरोलीच्या जंगलांतील सागाची ख्याती मोठी आहे. अयोध्येतील राममंदिराच्या दारांसाठी २०२३ साली बल्लारशाहहून साग पाठविण्यात आला होता. शिसवी अधिक जड आणि गडद असते. कोणतेही लाकूड घेतले तरी ते पेटी राहावयाच्या घरात काही आठवडे ठेवून मगच कापावे.

मापे आणि तासणी

दारापूर्वी पेटी तपासावी. दोन्ही कर्ण समान नसतील तर पेटी कोनात नाही, आणि पुढे केलेली सर्व कसरत ही चूक झाकण्यासाठीच होते. झडपेतील पीळ पाहण्यासाठी ती जाड काचेवर ठेवून कोपरे दाबून पाहावेत.

झडपा मोकळ्या जागेपेक्षा किंचित मोठ्या कराव्यात व रंध्याने उतरवाव्यात. प्रथम बिजागरीची कड, मग खालची व वरची, आणि सर्वांत शेवटी दोन झडपा भेटतात ती कड. वरच्या-खालच्या कडेवर रंधा कोपऱ्याकडून मध्याकडे चालवावा. बाहेर नेल्यास उभ्या पट्टीचे टोक फुटते.

भेटणारी कड आतल्या बाजूस थोडी उतरती ठेवणे आवश्यक असते. १० मि.मी. जाड आणि १०० मि.मी. रुंद दाराचा आतील कोपरा फिरताना बाहेरील कडेपेक्षा सुमारे अर्धा मि.मी. जास्त लांब पोचतो. उतार नसल्यास तो समोरच्या झडपेवर घासतो, आणि नवशिका कारागीर फट वाढवीत बसतो.

फट किती ठेवावी हे ऋतूवर ठरते. पावसाळ्यात बसविलेल्या दारात पत्त्याच्या जाडीएवढी फट पुरते. उन्हाळ्यात त्याच्या दुपटीने ठेवावी.

बिजागऱ्या

लहान पेटीस २५ मि.मी.ची पितळी बिजागरी योग्य. तिच्या पानाची खाच पटाशीने पानाच्या जाडीएवढीच खोल करावी. खाच अधिक खोल झाली तर दार पूर्ण मिटत नाही, ताणाने परत उघडते. यावर पानाखाली पुठ्ठ्याचा तुकडा घालणे हा सर्वमान्य उपाय असून त्यात कमीपणा मानण्याचे कारण नाही. पितळी स्क्रू मऊ असतात. आधी बारीक भोक पाडून त्याच मापाचा लोखंडी स्क्रू एकदा फिरवून काढावा, मग मेण लावलेला पितळी स्क्रू बसवावा. प्रत्येक पानास आरंभी एकच स्क्रू लावून दार उघडून-मिटून पाहावे. उरलेली भोके त्यानंतर पाडावीत, कारण चुकलेले भोक बुजवून शेजारी नवे पाडणे कठीण असते.

पावसाळ्यात अडकणारे दार

आषाढात दार अडकले की कड तासून टाकण्याचा मोह होतो. असे दार वैशाखात फटीतून आतले दागिने दाखवू लागते. प्रथम स्क्रू ढिले झाले आहेत का ते पाहावे, पेटी कोरड्या जागी हलवून काही आठवडे थांबावे, घासणाऱ्या कडेला मेण चोळावे. जोर लावून ओढल्यास बिजागरीचे स्क्रू लाकडासह निघून येतात. कोरड्या ऋतूतही दार तेथेच घासत असेल, तरच रंधा हाती घ्यावा.