मुक्काम पोस्ट डाक बंगला: रामसे घराण्याची वाटचाल

‘गेस्ट हाऊस’, ‘हॉटेल’, ‘डाक बंगला’, ‘पुरानी हवेली’. ही नावं ओळीनं वाचली तर एखाद्या थंड हवेच्या गावातल्या ‘खोल्या मिळतील’च्या पाट्या वाचतोय असं वाटेल. प्रत्यक्षात हे रामसे मंडळींचे चित्रपट आहेत, अनुक्रमे १९८०, १९८१, १९८७ आणि १९८९ सालचे. लोणावळा-खंडाळ्याच्या आसपास राहणाऱ्याच्या डोळ्यांत ही यादी पटकन भरते. रामसेंचं भूत बहुतेक वेळा माणसाच्या राहत्या घरी येत नाही. माणूस चार दिवस हवापालटाला जातो, तिथे ते आधीपासून मुक्कामाला असतं. गाडी धुक्यात बंद पडते, रखवालदार कंदील वर धरून ‘साहेब, तिकडे जाऊ नका’ म्हणतो, साहेब तिकडेच जातात. अशा बंगल्यांच्या किल्ल्या ज्यांच्या आज्याच्या कमरेला असत, त्या मावळातल्या घरांना हे चित्रपट थोडे वेगळे दिसतात. त्यावर पुढे येतोच.

या घराण्याची सुरुवात भुताखेतांपासून फार लांब, कराचीतल्या रेडिओच्या दुकानात झाली. दुकान फतेहचंद रामसिंघानी यांचं. गोऱ्या गिऱ्हाइकांना आडनाव जमेना, म्हणून त्याचं ‘रामसे’ झालं, अशी घरातली हकिगत. फाळणीनंतर कुटुंब मुंबईला आलं आणि लॅमिंग्टन रोडवर पुन्हा दुकान थाटलं. मुलगे सात: कुमार, केशू, तुलसी, किरण, श्याम, गंगू आणि अर्जुन. वडिलांना सिनेमाची हौस होती आणि ती महागडी होती. १९५४ साली भगतसिंगांवर चित्रपट काढला. १९६३ साली ‘रुस्तम सोहराब’ आला. पृथ्वीराज कपूर, सुरैया असा सगळा थाट होता आणि सुरैयाचा तो शेवटचा चित्रपट ठरला.

‘रुस्तम सोहराब’चे दिग्दर्शक होते विश्राम बेडेकर. ‘रणांगण’ लिहिणारे, पुढे ‘एक झाड आणि दोन पक्षी’ लिहिणारे तेच. रामसेंनी १९७० साली ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ काढला, त्याचं दिग्दर्शनही बेडेकरांचंच. चित्रपट पडला. मात्र त्यात एक प्रसंग होता. पृथ्वीराज कपूर भयानक मुखवटा आणि अंगावर चिलखतासारखा पोशाख घालून चोरी करायला शिरतात आणि पोलिसांच्या गोळ्या त्यांना लागतच नाहीत. तुलसी आणि श्याम थिएटरात प्रेक्षकांकडे बघत बसले होते. बाकी वेळ चुळबुळणारी माणसं तेवढ्या प्रसंगाला सावरून बसत होती. मुलांनी घरी येऊन वडिलांना सांगितलं की लोकांना हेवढंच हवंय, तर आपण हेवढंच देऊ. मराठी कादंबरीच्या इतिहासात मानाचं पान असलेल्या माणसाच्या हातून हिंदी भयपटाच्या सर्वांत बदनाम घराण्याची पायाभरणी व्हावी, हा योग मला फार आवडतो. बेडेकरांवरच्या लेखांत तो अगदीच क्वचित सापडतो. साहित्यवाल्यांना रामसे ठाऊक नसतात आणि रामसेंच्या चाहत्यांना ‘रणांगण’.

वडील व्यापारी होते. हात पोळल्यावर त्यांनी घरातलंच मनुष्यबळ कामाला लावलं. जोसेफ मॅसेली यांचं छायाचित्रणाचं पाठ्यपुस्तक आणून मुलांना काश्मीरमध्ये हाउसबोटीवर पाठवलं आणि तिथे त्यांची घरगुती शाळा भरली. कामं वाटली गेली. कुमार पटकथा लिहिणार, गंगू कॅमेरा धरणार, किरण ध्वनी बघणार, अर्जुन संकलन करणार, केशू निर्मितीची धावपळ करणार, तुलसी आणि श्याम दिग्दर्शन करणार. घरातल्या बायका युनिटचा स्वयंपाक करत आणि वेळ पडली तर मेकअपलाही हात लावत. बाहेरच्या माणसाला द्यायचा पगार जेवढा वाचेल तेवढा वाचवायचा, हे सूत्र.

मग १९७२ साली ‘दो गज जमीन के नीचे’. महाबळेश्वरला सरकारी विश्रामगृहात सगळं कुटुंब, नटमंडळी आणि सामान उतरलं. राहायचं तिथे, जेवायचं तिथे आणि शूटिंगही तिथेच. चाळीस दिवस आणि साडेतीन लाख रुपये, असा हिशेब रामसे मंडळी पुढे मुलाखतींतून सांगत. चित्रपट तुफान चालला. इथेच या घराण्याचा साचा पक्का झाला आणि त्यात सुट्टीच्या बंगल्याला जी जागा मिळाली तिच्यामागे कल्पकतेइतकंच भाड्याचं गणित होतं. स्टुडिओत सेट लावायचा तर सुतार, रंगारी, दिवसाचं भाडं. महाबळेश्वरला धुकं फुकट, झाडं फुकट, जुना दगडी बंगला स्वस्तात, आणि जवळ दुसरं काही नसल्यानं नटही पळून जाऊ शकत नाहीत. अंधार तर सगळ्यांत स्वस्त. चौकटीचा तीन चतुर्थांश भाग काळा ठेवला की तिथे काय नाही ते कुणाला दिसत नाही. उरलेल्या भागावर लाल-निळा उजेड टाकला की झालं.

रामसेंच्या आधी हिंदीत भुतं नव्हती असं नाही. ‘महल’ (१९४९), ‘बीस साल बाद’ (१९६२), ‘वह कौन थी’ (१९६४) हे सगळे पांढऱ्या साडीच्या आणि दूरवरून येणाऱ्या गाण्याच्या वळणाचे. पण या सगळ्यांचा शेवटचा धक्का एकच असे: भूत नव्हतंच. कुणी माळ्याची मुलगी, कुणी जुळी बहीण, कुणी सूडाला पेटलेला गृहस्थ. दिवे लागत, पोलीस येत, प्रेक्षक सुशिक्षित होऊन घरी जात. रामसेंचं खरं धाडस मला इथे दिसतं. ‘दरवाजा’ (१९७८) आणि विशेषतः ‘पुराना मंदिर’ (१९८४) पाहताना जुन्या सवयीचा प्रेक्षक वाट बघत राहतो की आता मुखवटा उतरेल. मुखवटा उतरत नाही. ‘पुराना मंदिर’चा राक्षस सामरी सामरीच निघतो. त्याचं मुंडकं एकीकडे पेटीत आणि धड दुसरीकडे पुरलेलं असतं. दोन्ही जुळली की तो उठतो आणि मरतो तो आगीतच. कलाटणी म्हणायची तर हीच, की या वेळी खरोखर राक्षस होता. हिंदी पडद्यावर ही गोष्ट त्या काळी कुणी इतक्या बिनदिक्कत सांगत नव्हतं.

सामरी झालेला अनिरुद्ध अगरवाल हा रुरकीचा सिव्हिल इंजिनिअर. अंगानं धिप्पाड, जबडा रुंद, चेहरा असा की मेकअपवाल्याचं अर्धं काम जन्मतःच झालेलं. पडद्यावर तो थोडाच वेळ येतो, पण चित्रपट त्याच्या जिवावर उभा आहे. सोबत मोहनीश बहल, आरती गुप्ता, पुनीत इस्सर. ‘अर्धसत्य’नंतर वर्षभरानं सदाशिव अमरापूरकरही यात आहेत, ललिता पवारही आहेत. जगदीप ‘शोले’ची नक्कल करत मध्येच घुसतात आणि राक्षस बाजूला राहून वीस मिनिटं भलताच सिनेमा चालतो. आज हे बघताना हसू येतं, पण तालुक्याच्या थिएटरात रात्रीच्या खेळाला आलेल्या माणसानं तिकिटाच्या पैशात भीती, विनोद, गाणी, मारामारी, न्हाणीघरातला प्रसंग सगळंच मागितलेलं असे आणि ते त्याला मिळे. रामसेंची कमाई मोठ्या शहरांतल्या मुख्य चित्रगृहांपेक्षा अशा गावांतून आली. समीक्षक ओळभरही लिहीत नसत. ‘पुराना मंदिर’ त्या वर्षीच्या मोठ्या यशांत गणला गेला तरी फारसं कुणी लिहिलं नाही.

आता मावळाचं. बोरघाटातून रेल्वे १८६३ साली वर आली आणि लोणावळा-खंडाळा मुंबईकरांच्या सुट्टीचं गाव झालं. पारशी, गुजराती, गोऱ्या साहेबांचे बंगले उठले. ते वर्षाचे दहा महिने बंद असत आणि त्यांची राखण करायला कुसगाव, वाकसई, कुणेकडची माणसं. जुन्या घाटरस्त्यावर शिंगरोबाचं देऊळ आहे. गोऱ्या साहेबाला घाटाची वाट दाखवणाऱ्या धनगराला त्याच साहेबानं मारलं, अशी आख्यायिका सांगतात. ट्रकवाले आजही तिथे नाणं टाकून पुढे जातात. ही गोष्ट रामसेंना कुणी सांगितली असती तर त्यांनी त्यावर चित्रपट काढला असता, कारण त्यांच्या कथेचं हाड हेच आहे. कुण्या ठाकुरानं, जमीनदारानं, मालकानं पूर्वी काही अघोर केलेलं असतं आणि ते फेडायला लागतं सुट्टीवर आलेल्या नातवंडांना. ‘हॉटेल’मध्ये तर कब्रस्तानाची जागा लबाडीनं घेऊन तिच्यावर हॉटेल बांधतात आणि पाहुणे आल्यावर खालची मंडळी वर येतात. एक्स्प्रेस वे २००२ साली पूर्ण झाला, त्याच्या आगेमागे मावळात जमिनीचे जे व्यवहार झाले ते ज्यांनी जवळून पाहिले त्यांना ‘हॉटेल’ हा भयपट आहे की सातबाऱ्याची फेरफार नोंद, असा प्रश्न पडावा.

रामसेंनी मात्र ही गोष्ट नेहमी पाहुण्यांच्या खोलीतून पाहिली. रखवालदार एक इशारा देऊन मरतो. गावकरी शेवटी मशाली घेऊन येतात, तोवर त्यांना नाव नसतं. भूत कुणाचं, कुठल्या शिवारातलं, त्याला नारळ देतात की कोंबडं, हे या चित्रपटांत कुणी विचारत नाही. आपल्याकडे मुंजा, हडळ, वेताळ, चकवा यांची हद्द आणि खोड ठरलेली असते. रामसेंच्या राक्षसाला जातगोत नाही. तो थोडा ड्रॅक्युला, थोडा फ्रँकेन्स्टाइनचा पुतळा आणि हातात आपला त्रिशूळ. त्यामुळे तो साऱ्या हिंदुस्थानात खपला आणि त्यामुळेच कुठलाच झाला नाही.

घाटाची एक गोष्ट मात्र त्यांच्या घरातच आहे. १९८३ साली महाबळेश्वरहून रात्री एकट्यानं मुंबईला परतताना श्याम रामसेंनी एका बाईला गाडीत घेतलं, वाटेत तिच्या पायांकडे लक्ष गेलं तर ते उलटे होते, असं सांगितलं जातं. त्यातून ‘वीराना’ (१९८८) सुचला म्हणतात. महाराष्ट्रातल्या प्रत्येक घाटाला ही बाई आहे. खंडाळ्याला आहे, कसाऱ्याला आहे, माळशेजला आहे. भयपटवाल्याला ती भेटली नसती तरच नवल. विश्वास ठेवायचा की नाही ते ज्यानं त्यानं बघावं, जाहिरात म्हणून मात्र उत्तम.

१९८५ साली ‘सामरी’ थ्रीडीत आला. नंतर ‘तहखाना’ (१९८६), ‘वीराना’, ‘पुरानी हवेली’ आणि ‘बंद दरवाजा’ (१९९०), ज्यात अगरवाल वटवाघूळ होणारा ‘नेवला’ नावाचा राक्षस झाला. मुरुडचा नवाबाचा वाडा रामसेंच्या काही चित्रपटांत दिसतो, तो याच बहराच्या काळात. १९९१ चा ‘अजूबा कुदरत का’ हिममानवावर होता. तोवर घरात वाटे पडत होते. केशू वेगळा झाला, ‘डाक बंगला’ त्याचाच, आणि पुढे ‘खिलाडियों का खिलाडी’ काढून तो अक्षय कुमारच्या मारामारीपटांकडे वळला. व्हिडिओ कॅसेटनं रात्रीचा खेळ मारला, केबलनं उरलंसुरलं. रामसेंनी त्याच शत्रूशी सोयरीक केली आणि १९९३ पासून ‘झी हॉरर शो’ सुरू झाला. ज्या मुलांना ‘ए’ प्रमाणपत्रामुळे थिएटरात सोडत नसत ती आता गोधडीतून एक डोळा बाहेर काढून रामसे बघू लागली. पैसा मिळाला, पण खिडकीवर रांग लागण्याचे दिवस संपले. तुलसी २०१८ साली गेले, श्याम २०१९ साली, कुमार २०२१ साली, गंगू २०२४ साली. एव्हाना इंग्रजी वर्तमानपत्रांना ते ‘कल्ट’ वाटू लागले होते आणि मृत्युलेख भरघोस आले.

मराठीनं या कुळाचा वारसा सरळ घेतला नाही. १९९३ सालीच महेश कोठाऱ्यांचा ‘झपाटलेला’ आला आणि रामदास पाध्ये यांनी घडवलेल्या बाहुल्यात तात्या विंचूचा जीव शिरला. इथेही पैसा बेताचाच, पण भीतीला लक्ष्मीकांत बेर्डे यांच्या विनोदानं सतत चिमटे. हिंदीतला ‘तुंबाड’ (२०१८) वेगळ्या वाटेनं गेला. वर्षानुवर्षं मुरवलेला, कोकणातल्या पावसात भिजलेला, आणि त्यातल्या हस्तर या राक्षसाला घराणं आहे, भूक आहे, नेमकी जागा आहे.

रामसेंच्या धंद्याचा खरा वारसदार मला आदित्य सरपोतदार वाटतो. पुण्याच्या सरपोतदारांची सिनेमातली ही चौथी पिढी. पणजोबा नानासाहेब मूकपटांच्या काळातले. म्हणजे पुन्हा घरगुती कारखानाच. ‘झोंबिवली’त (२०२२) त्यानं डोंबिवलीत झोंबी सोडले आणि २०२४ च्या ‘मुंज्या’त पिंपळावरचं आपलं भूत हिंदीत नेलं. बडा नट नाही, पैसा माफक, विनोद भरपूर आणि शंभर कोटींच्या वर गल्ला. फतेहचंद शेठांनी जमाखर्चाची वही मागवून घेतली असती. तुलनेत एक गोष्ट मला खटकते, ती म्हणजे मुंज्या अथपासून इतिपर्यंत संगणकातला आहे. झाडावरून उडी छान मारतो, दात छान विचकतो. सामरी दारात उभा राहिला की दार भरून जाई, कारण त्या मुखवट्याच्या आत एक घामेजलेला इंजिनिअर खरोखर उभा असे.