गुराख्याचा खरा बूट

अमेरिकन गुराख्याचें, म्हणजे ‘काउबॉय’चें, चित्र बहुतेकांच्या मनांत एकच असतें. रुंद कांठाची टोपी, गळ्याला रुमाल आणि पायांत निमुळत्या टोंकाचे, रंगीत नक्षीचे उंच बूट. हें चित्र रुपेरी पडद्यानें दिलें, इतिहासानें नव्हे. आजहि त्या देशांत अनेक हौशी मंडळी गतकालचे प्रसंग त्या त्या काळच्या वेषांत उभे करतात. त्यांतील नवख्यांस पहिली अडचण येते ती बुटांची. दुकानांतले नक्षीदार बूट महाग, आणि मापानें शिवून घ्यावेत तर त्याहून महाग. परंतु खर्चाची ही धास्ती बरीचशी अज्ञानांतून येते. १८७० च्या सुमाराचा खरा गुराखी जे बूट घालीत असे, ते पडद्यावरील बुटांपेक्षां पुष्कळच साधे होते.

१८६५ सालीं अमेरिकेंतील यादवी युद्ध संपलें. त्या वेळीं टेक्सासच्या माळरानांत लांब शिंगांचीं लक्षावधि गुरें मोकाट फिरत होतीं. तेथें त्यांना किंमत नव्हती. उत्तरेकडील शहरांत मात्र मांसाला मोठी मागणी होती. १८६७ सालीं जोसेफ मॅकॉय या व्यापाऱ्यानें कॅन्सस प्रांतांतील ॲबिलीन येथें रेल्वेच्या कडेला गुरांचे वाडे बांधले, आणि त्याच वर्षीं सुमारें ३५,००० जनावरें तेथून आगगाडीनें रवाना झालीं. टेक्सासपासून तेथपर्यंत कळप हांकीत नेण्यास दोन-तीन महिने लागत. हें काम करणारे बहुतेक ऐन तारुण्यांतले. गोऱ्यांच्या जोडीला, दास्यांतून नुकतेच मुक्त झालेले कृष्णवर्णीय आणि मेक्सिकन यांचाहि त्यांत मोठा भरणा होता. घोड्यावरून गुरें वळण्याची विद्याच मुळीं मेक्सिकन ‘वाकेरों’कडून आलेली. पगार महिना ३० ते ४० डॉलर. अशा माणसाच्या पायांत नक्षीचे बूट कोठून येणार? युद्धानंतर शिल्लक राहिलेले लष्करी बूट स्वस्तांत मिळत, ते तो घाली. तेहि न मिळाले तर घोट्यापर्यंतचे, नाडीनें बांधावयाचे जाडेभरडे जोडे.

परंतु लष्करी बुटाची टांच बुटकी व रुंद असे, आणि गुराख्याचा सारा दिवस खोगिरावर जाई. घोडा बुजला आणि पाऊल रिकिबींतून पलीकडे सरकून अडकलें, तर खालीं पडलेला स्वार घोड्यामागें फरफटत जाई. असें मरण त्या धंद्यांत नेहमीं भेडसावणारें होतें. या भयांतूनच नव्या बुटाला आकार आला. टांच उंच व खालीं निमुळती झाली, म्हणजे पाऊल रिकिबीपलीकडे जाऊं नये. तळ पातळ व गुळगुळीत राहिला, म्हणजे पाय चटकन् सुटावा. नाडी नाहीं आणि नळी सैल. कारण बूट अडकलाच तर पाय तरी बाहेर निघावा. उंच नळीमुळें कांट्याझुडपांपासून पोटरीचें रक्षण होई. नळीवर शिवणीच्या एक-दोन ओळी असत, त्याहि शोभेपेक्षां कातडें लवून चुरगळूं नये म्हणून.

असे बूट करणारे कारागीर गुरांच्या वाटेवरच उदयास आले. कॅन्ससमधील ओलेथ गांवीं चार्ल्स हायर यांचें नांव झालें. १८७९ सालीं एच. जे. जस्टिन यांनीं टेक्सासमधील स्पॅनिश फोर्ट येथें दुकान थाटलें. गुराख्यांनीं उत्तरेस जातांना माप द्यावें आणि परततांना बूट न्यावे, असा तेथील रिवाज होता. पुढें जस्टिन यांच्या पत्नी ॲनी यांनीं स्वतःच्या पायाचें माप स्वतःच घेण्याची सोय काढली, आणि दूरचा गुराखीहि टपालानें बूट मागवूं लागला.

मग ती नक्षी आली कोठून? पोटापाण्याची गुरेंवळ मागें पडल्यावर. कांटेरी तारेचें पेटंट १८७४ सालीं निघालें व माळरानें कुंपणांनीं अडलीं. १८८६-८७ च्या भयंकर हिवाळ्यांत उत्तरेकडील असंख्य गुरें मेलीं. गुराखी रंगभूमीवर आणि पडद्यावर गेला. टॉम मिक्ससारख्या नटांनीं भडक बुटांची आवड लावली, आणि रंगीत कातड्याचीं फुलें-पाखरें व अणकुचीदार टोंक हीं विसाव्या शतकांत रुळलीं.

तेव्हां थोडक्या खर्चांत खरा वेष साधावयाचा असेल त्यानें आधीं साल ठरवावें. १८६७ चा गुराखी व्हावयाचें तर साधा लष्करी घाटाचा काळा बूट किंवा नाडीचा जोडा पुरे. १८८० चा व्हावयाचें तर उंच टांचेचा बूट हवा. पण टोंक गोल किंवा बोथट, नळी बिननक्षीची. जुन्या बाजारांत असे साधे बूट नक्षीदार बुटांहून स्वस्त मिळतात, कारण हौशी गिऱ्हाईक त्यांना नापसंत करतें. रबरी तळ असेल तर मोच्याकडून कातडी तळ लावून घ्यावा. झिप असलेला बूट मात्र घेऊंच नये. ती विसाव्या शतकाची वस्तु. कोल्हापुरी वहाणेचें कातडें जसें बाभळीची साल व हिरडा यांनीं कमावितात, तसेंच त्या काळचें अमेरिकन कातडेंहि झाडांच्या सालींतच कमावलेलें असे. क्रोमच्या क्षारांनीं कमावण्याचें पेटंट १८८४ सालचें. म्हणून चकचकीत रंगाऐवजीं तेल पाजलेलें तपकिरी वा काळें कातडें पाहावें. त्या काळच्या छायाचित्रांत कांहींजण विजार बुटांत खोंवतात, कांहीं बुटांवरून सोडतात. पैसे फारच थोडे असतील त्यानें दुसरी रीत धरावी. मग चवडा आणि टांच बरोबर असली कीं झालें.

अशा साध्या बुटांत उभा राहणारा खर्च वांचवितो खरा. पण तेवढ्यावरच ही गोष्ट थांबत नाहीं. पडद्यावरच्या वीराला बाजूला सारून तो महिना ३० डॉलरांवर जीव धोक्यांत घालणाऱ्या, बहुतांशी निनांवी राहिलेल्या तरुणांना त्यांची जागा परत देतो. त्यांच्या पायांत जें होतें, तेंच त्याच्याहि पायांत असतें.