रिचर्ड्‌स, सर व्हिव्हिअन

(७ मार्च १९५२ – ). वेस्ट इंडीजचा विख्यात फलंदाज व कर्णधार. पूर्ण नाव आयझॅक व्हिव्हिअन अलेक्झांडर रिचर्ड्‌स. जन्म कॅरिबियन समुद्रातील अँटिग्वा बेटावर, सेंट जॉन्स येथे. वडील तुरुंगाधिकारी. अँटिग्वाचे क्षेत्रफळ सु. २८० चौ. किमी., म्हणजे बुलढाणा जिल्ह्यातील मेहकर तालुक्याहूनही कमी. उसाचे मळे आणि त्यांत राबणारे आफ्रिकी गुलाम यांवर या बेटाची अर्थव्यवस्था उभी राहिली. क्रिकेट तेथे इंग्रज मळेवाल्यांबरोबर आले. गुलामांच्या वंशजांनी पुढे ते आपलेसे केले.

कसोटी क्रिकेटमधील वेस्ट इंडीज हा देश नव्हे. ती अनेक बेटांची व मुख्य भूमीवरील गयानाची सामाईक संघरचना आहे. संघनिवडीत दीर्घकाळ बार्बेडोस, जमेका, त्रिनिदाद व गयाना यांचेच वर्चस्व होते. अँटिग्वाचा पहिला कसोटीपटू अँडी रॉबर्ट्‌स हा संघात आला तो १९७४ मध्ये. फुटबॉलमध्ये मात्र प्रत्येक बेट स्वतःच्या नावाने उतरते. १९७४ च्या विश्वचषकासाठी अँटिग्वाने प्रथमच प्रवेश घेतला, तेव्हा पात्रता फेरीत त्रिनिदादने त्याला ११–१ असे हरविले. रिचर्ड्‌स तरुणपणी उत्तम फुटबॉल खेळे. तो याच फेरीत अँटिग्वातर्फे खेळल्याचे अनेक चरित्रलेखकांनी लिहिले आहे. पण या विधानाविषयी शंकाही घेतली गेली असून ते निर्विवाद मानता येत नाही.

क्रिकेटमधील त्याच्या बेटनिष्ठेचा पुरावा वेगळ्या प्रकारचा आहे. सतराव्या वर्षी सेंट किट्‌सविरुद्धच्या सामन्यात पंचांनी त्याला पहिल्याच चेंडूवर झेलबाद ठरविले. त्याने उघड नाराजी दाखविली व प्रेक्षकांनी खेळ बंद पाडला. संयोजकांनी नमते घेऊन त्यास पुन्हा फलंदाजी दिली. तो शून्यावरच बाद झाला, दुसऱ्या डावातही शून्यावरच. या प्रकरणी त्यास दोन वर्षे खेळण्यास बंदी झाली. एका मुलाच्या खेळीसाठी बेट खवळावे, यात हट्ट होता तितकीच उपेक्षेची जुनी चीडही असावी.

नोव्हेंबर १९७४ मध्ये बंगलोर येथे पहिल्या कसोटीत त्याने ४ व ३ धावा केल्या. लगेच दिल्लीस नाबाद १९२. मुंबईच्या वानखेडे मैदानावर १९८३ मध्ये त्याने १२० धावा काढल्या. १९७६ या एका वर्षातील त्याच्या १,७१० कसोटी धावांचा विक्रम तीस वर्षे टिकला. एकूण १२१ कसोटींत ८,५४० धावा, २४ शतके. वेगवान गोलंदाजीसमोरही त्याने शिरस्त्राण वापरले नाही. पन्नास कसोटींत कर्णधारपद भूषविताना त्याने एकही मालिका गमावली नाही. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेत खेळण्यासाठी देऊ केलेली मोठी रक्कम त्याने नाकारली. ही गोष्ट त्याच्या धावांइतकीच नोंदविण्याजोगी आहे.

मार्च १९८१ मध्ये सेंट जॉन्सच्या रिक्रिएशन ग्राउंडवर अँटिग्वातील पहिली कसोटी झाली. तीत रिचर्ड्‌सने इंग्लंडविरुद्ध ११४ धावा केल्या. अँटिग्वा व बार्बुडाला स्वातंत्र्य मिळाले ते त्यानंतर, १ नोव्हेंबर १९८१ रोजी. एप्रिल १९८६ मध्ये याच मैदानावर इंग्लंडविरुद्धच त्याने ५६ चेंडूंत शतक ठोकले. त्या वेगाची बरोबरी २०१४ मध्ये मिसबाह-उल-हकने केली व २०१६ मध्ये ब्रेंडन मॅकलमने ५४ चेंडूंत तो विक्रम मोडला. अँटिग्वा सरकारने १९९९ मध्ये रिचर्ड्‌सला ‘सर’ हा किताब दिला. २००७ च्या विश्वचषकासाठी बेटावर बांधलेल्या नव्या क्रीडागारास त्याचे नाव देण्यात आले.