घरची गाडी, शर्यतीची हौस आणि आपला आग्रा-मुंबई रस्ता



दिल्लीच्या सरकारी बससेवेचं मूळ ग्वाल्हेरात आहे, हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे? मे १९४८ मध्ये केंद्राच्या वाहतूक मंत्रालयाने दिल्ली शहरातली बससेवा ‘ग्वालियर अँड नॉर्दर्न इंडिया ट्रान्सपोर्ट कंपनी’कडून ताब्यात घेतली. आजची डीटीसी ही तिचीच पुढची पिढी. तेव्हा मोटारीचा आणि आपल्या गावाचा संबंध जुना आहे.

या पानावर वाड्यांबद्दल, गणपतीबद्दल, गाण्याच्या घराण्याबद्दल पुष्कळ लिहून झालंय. आज मोटारीबद्दल लिहितो. त्यातही शर्यतीत उतरलेल्या साध्या, घरगुती मोटारींबद्दल.

माधवराव महाराजांना (१८७६-१९२५) यंत्रांचं वेड होतं. जयविलासमध्ये जेवणाच्या टेबलावर फिरणारी चांदीची आगगाडी आपण सगळ्यांनी पाहिली आहे. श्योपूरची छोटी लाइन तर अगदी २०२० पर्यंत चालू होती. पण ती दरबारी हौस. आमच्यासारख्या नोकरदार घरांत मोटार म्हणजे लग्नात भाड्याने आणायची वस्तू. त्यामुळे ‘शर्यत’ म्हटलं की ते राजेरजवाड्यांचं आणि बड्या लोकांचं काम, असं डोक्यात पक्कं बसलेलं होतं.

हे समज पहिल्यांदा हलले ते १९६८ साली. त्या वर्षी २४ नोव्हेंबरला लंडनहून सिडनीपर्यंतची मोटार मॅरेथॉन निघाली. ९८ गाड्या. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड करत दिल्ली. तिथून आग्रा, इंदूरमार्गे मुंबई. मुंबईहून ‘चुसान’ नावाच्या बोटीने गाड्या ऑस्ट्रेलियात जायच्या होत्या. आग्र्याहून इंदूरला जायचं म्हणजे आपलाच रस्ता, मुरैना, ग्वाल्हेर, शिवपुरी, गुना. मी तेव्हा बी. कॉम.ला होतो. वर्गातली काही मुलं सायकली काढून रस्त्यावर जाऊन उभी राहिली होती. परत आल्यावर त्यांचं म्हणणं एकच, “अरे यार, ह्या तर घरातल्याच गाड्या आहेत!”

ते खरंच होतं. रेसिंग कार म्हणून आपल्या डोळ्यासमोर जे येतं, तसं त्यात फार थोडं होतं. फोर्ड, ऑस्टिन, हिलमन, व्होल्व्हो, सगळ्या बाजारात मिळणाऱ्या गाड्या. मुंबईचे डॉ. बोमसी वाडिया आपल्या साथीदारांसह कॉर्टिना घेऊन उतरले होते. एल्सी गॅड नावाच्या बाई आणि त्यांच्या मैत्रिणी चक्क व्होल्व्होची स्टेशन वॅगन घेऊन आल्या होत्या. स्टेशन वॅगन म्हणजे मागची डिक्की वेगळी नसलेली, छत शेवटपर्यंत गेलेली, मुलंबाळं आणि सामान कोंबायची गाडी.

९८ पैकी मुंबईला पोचल्या ७२ आणि सिडनीला ५६. सगळ्यांत पुढे होता ल्युसियन बियांकी, सित्रोएन गाडीत. शेवट अगदी हाताशी आलेला असताना समोरून आलेल्या एका गाडीशी त्याची टक्कर झाली आणि तो जबर जखमी झाला. मागून येणाऱ्या पॅडी हॉपकर्कने आपली गाडी थांबवून मदत केली. जिंकला अँड्र्यू कोवन, स्कॉटलंडचा एक शेतकरी, आपल्या दोन साथीदारांसह, हिलमन हंटर या साध्या चार दारांच्या घरगुती गाडीत. दहा हजार मैलांच्या वाटेवर सगळ्यांत वेगवान गाडी नव्हे, तर न मोडलेली गाडी पहिली आली. ही गोष्ट मी नोकरीत पुष्कळदा आठवली आहे. कर्जदार झपाट्याने वाढणारा असण्यापेक्षा हप्ता न चुकवणारा बरा.

आता टर्बोकडे येतो. तरुण मुलं हा शब्द सारखा वापरतात, पण तो काही नवा नाही. आल्फ्रेड ब्युखी या स्विस अभियंत्याने १९०५ मध्ये त्याचं पेटंट घेतलं. कल्पना आपल्या स्वयंपाकघरात शोभेल अशी, काटकसरीची. इंजिनातून जो गरम धूर वाया जातो त्याच्यावर एक छोटं चाक फिरवायचं. त्याच दांड्याच्या दुसऱ्या टोकाला दुसरं चाक, ते बाहेरची हवा दाबून इंजिनात भरतं. जास्त हवा, म्हणून जास्त इंधन जाळता येतं, म्हणून लहान इंजिनातून मोठी ताकद. आधी हे जहाजांत, विमानांत आलं. घरगुती मोटारींत १९६२ मध्ये अमेरिकेत आलं आणि सत्तरच्या दशकाच्या शेवटी युरोपात रुळलं.

पण फुकट काहीच नसतं. ते चाक मिनिटाला लाखाच्या वर फेरे घेतं आणि त्याला आधार फक्त तेलाच्या पातळ थराचा. तेल जुनं झालं, किंवा गाडी जोरात पळवून आणून लगेच किल्ली बंद केली, तर आतलं तेल तिथेच जळून त्याचा कोळसा होतो. म्हणून जुने मिस्त्री सांगतात, घाट चढून आलात की मिनिटभर इंजिन तसंच चालू ठेवा, मग बंद करा.

स्टेशन वॅगन आपल्या देशात कधी रुजली नाही. टेल्कोने १९९२ मध्ये पुण्यात ‘टाटा एस्टेट’ काढली. २००४ मध्ये ‘इंडिगो मरीना’ आली. औरंगाबादेत जुळवलेली ऑक्टेव्हिया निघाली आणि तिची ‘कॉम्बी’ही आली. गाड्या चांगल्या होत्या, पण आपल्या लोकांना मोटार म्हटलं की मागे वेगळी डिक्की दिसायला हवी. “ही तर रुग्णवाहिका दिसते,” हे वाक्य मी वाहनकर्जाच्या टेबलावर बसून किती वेळा ऐकलं असेल! नव्या वॅगनला गिऱ्हाईक नाही, म्हणून जुनीला भाव नाही. हौशी माणसाच्या हे पथ्यावर पडतं.

तिकडे इंग्लंडात मात्र १९९४ मध्ये व्होल्व्होने आपली ८५० ही वॅगन थेट तिथल्या राष्ट्रीय टूरिंग कार शर्यतीत उतरवली. चालक रिकार्ड रिडेल आणि यान लामर्स. लोक हसले. तेव्हा या मंडळींनी प्रेक्षकांपुढच्या एका फेरीत मागच्या काचेआड एक मोठा खेळण्यातला कुत्रा बसवून गाडी फिरवली! एकही शर्यत त्या गाडीने जिंकली नाही, आणि पुढच्या वर्षी ते डिक्कीवाल्या मॉडेलकडे वळले. पण आज तिशी वर्षांनीही लोकांना त्या हंगामातली तीच गाडी आठवते.

हे सगळं आता लिहायला कारण आमच्याच घरात घडलं. माझ्या पुतण्याच्या मुलाने चार वर्षांपूर्वी दिल्लीहून एक जुनी डिझेल टर्बो वॅगन आणली. २०१५ पासूनच्या आदेशांमुळे दिल्लीत दहा वर्षांवरचं डिझेल चालवायची बंदी आली, आणि धडधाकट गाड्या ना-हरकत दाखला घेऊन आपल्यासारख्या गावांत स्वस्तात येऊ लागल्या. त्याला ती हौशी रॅलीत उतरवायची होती. घरात वादळ. वहिनी म्हणाल्या, “कबाड उचलून आणलंन.” पुतण्याचं म्हणणं, मुलाचं लग्न व्हायचंय, मुलीकडचे काय म्हणतील. मुलगा माझ्याकडे आला. “आजोबा, तुम्ही जन्मभर कर्जाचे कागद पाहिलेत. खरं सांगा, करू की नको?”

मी म्हटलं, कर, पण आधी वही घाल. डाव्या पानावर गाडीची किंमत. उजव्या पानावर टायमिंग बेल्ट, टर्बोचे रबरी होज, सस्पेन्शनचे बुश, ब्रेक, टायर, तेल. वर्षाअखेर उजवं पान डाव्याच्या पुढे गेलं. जुन्या गाडीचं हे असंच असतं. किंमत ही सगळ्यांत छोटी नोंद. टायमिंग बेल्टला तर तारीखच घालून दिली होती. तो चालत्या गाडीत तुटला की व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन हातचं जातं.

दुसरी गोष्ट विम्याची. ही सगळ्या तरुणांना सांगतो. आपल्या नेहमीच्या मोटार पॉलिसीत बारीक अक्षरात लिहिलेलं असतं की आयोजित शर्यत, वेगाची चाचणी, टिकाऊपणाची चाचणी यांत गाडी वापरली तर भरपाई नाही. सह्या करताना हे कोणी वाचत नाही. तिसरी, मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे गाडीची मूळ रचना मनाला येईल तशी बदलता येत नाही. आणि चौथी, परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं हा गुन्हा आहे. गोला का मंदिरच्या रस्त्यावर रात्री जे चालतं त्याला खेळ म्हणत नाहीत. ज्याला खेळायचं आहे त्याने महासंघाच्या मान्यतेच्या स्पर्धेत, परवाना घेऊन, हेल्मेट घालून खेळावं.

सुरुवात त्याने वेळ-वेग-अंतर प्रकारच्या रॅलीने केली. यात पहिला पोचणारा जिंकत नाही. ठरवून दिलेला सरासरी वेग, तो रस्त्याच्या नियमांत बसणारा, आणि मध्येमध्ये छुपी ठाणी. उशीर झाला तर गुण जातात, लवकर आलात तरी जातात. शेजारी बसलेला नेव्हिगेटर सेकंदासेकंदाचा हिशोब करतो. खरं सांगू, हा खेळ बँकवाल्यांसाठीच निघालाय! रोकड जास्त निघाली तरी संध्याकाळी उत्तर द्यावंच लागतं, तसंच हे.

नेव्हिगेटर म्हणून पहिल्या वर्षी त्याची धाकटी बहीण बसली. आता लग्नानंतर त्याची बायको बसते. मुलीकडच्यांना ही वॅगन पाहून काही वाटलं नाही. उलट सगळं लग्नाचं सामान त्याच गाडीतून गेलं. स्पर्धेत तो मध्यावर कुठेतरी असतो. गाडी अजून एकदाही ओढून आणावी लागलेली नाही. मला त्याचं जास्त कौतुक आहे.

आपल्यातली बहुतेक मुलं पुण्याला, बंगळुरूला गेली. किला गेटच्या गल्लीत मराठी पाट्या किती उरल्या ते आपण मोजू शकतो. जो मुलगा इथेच राहून, आपल्या कमाईतून, हिशोब ठेवून एखादी हौस करतो, त्याला ‘काय हे थेर’ म्हणून गप्प बसवू नका. वही मागा, विम्याचा कागद मागा, हेल्मेट तपासा, आणि मग करू द्या. स्कॉटलंडचा शेतकरी घरगुती गाडीतून सिडनी गाठू शकतो, तर आपल्या घरचं पोर शिवपुरीपर्यंत तरी जाईलच.

१९६८ मध्ये मुरैना ते गुना रस्त्यावर त्या गाड्या कुणी पाहिल्या असतील, किंवा घरात कुणाकडून ऐकलं असेल, तर जरूर लिहा. आमच्या वर्गातले ते सायकलवाले आता थोडेच उरलेत. लिहून ठेवलं नाही तर तेही जाईल.

— एक निवृत्त बँक अधिकारी, किला गेट, ग्वाल्हेर