पाकीट चोरीला गेलं? पैशांच्या आधी तुमची ओळख वाचवा

गेल्या पावसाळ्यात स्वारगेटला गर्दीच्या बसमध्ये चढताना माझं पाकीट मारलं गेलं. आत सहाशेच्या आसपास रुपये, एक डेबिट कार्ड, ड्रायव्हिंग लायसन्स, पॅन कार्ड आणि आधारची घडी घातलेली झेरॉक्स. कार्ड लगेच ब्लॉक केलं आणि 'सहाशेवर निभावलं' म्हणून गप्प बसलो. रूममेटने दोन दिवस डोकं खाल्लं तेव्हा कुठे पोलिसांत तक्रार दिली.

दोन महिन्यांनी सहज क्रेडिट रिपोर्ट काढला. त्यात अशा एका कंपनीची चौकशी दिसली, जिच्याकडे मी कधीच कर्ज मागितलं नव्हतं. माझ्या नावाने कुणीतरी अर्ज केला होता. कर्ज मंजूर झालं नव्हतं हे नशीब. सॉफ्टवेअरमध्ये काम करणाऱ्या माणसाची ही गत, म्हणून हा लेख.

एक फरक लक्षात ठेवा

डेबिट कार्ड ब्लॉक केलं की बँक नवीन नंबरचं कार्ड देते. जुनं कार्ड म्हणजे फक्त प्लास्टिक. पण पॅन कार्ड पुन्हा छापून घेतलं तरी पॅन नंबर तोच राहतो. आधार नंबरही तोच, जन्मतारीखही तीच. म्हणजे पैशांचा धोका अर्ध्या तासात संपवता येतो, ओळखीचा धोका पुढे कित्येक महिने राहतो. दोन्हींसाठी कामं वेगळी आहेत.

पहिला अर्धा तास: पैसे

१. बँकेच्या ॲपमधून कार्ड ब्लॉक करा. ॲप नसेल तर बँकेच्या हेल्पलाइनला फोन करा. टॅप करून पैसे देता येणाऱ्या कार्डावर ₹५,००० पर्यंतच्या व्यवहाराला पिन लागत नाही, त्यामुळे 'पिन कुणाला माहीत नाही' म्हणून निवांत राहू नका.

२. तक्रार क्रमांक आणि वेळ लिहून ठेवा किंवा स्क्रीनशॉट काढा. रिझर्व्ह बँकेच्या २०१७ च्या नियमांनुसार, बँकेला कळवल्यानंतर होणारं नुकसान बँकेचं असतं. पिन पाकिटातच चिठ्ठीवर लिहून ठेवला असेल, तर कळवेपर्यंतचं नुकसान मात्र तुमचंच.

३. खात्यातून पैसे गेलेच असतील तर १९३० या सायबर हेल्पलाइनला लगेच फोन करा. पैसे पुढच्या खात्यांत फिरायच्या आत अडवायचे असतात, म्हणून इथे मिनिटांना किंमत आहे.

त्याच दिवशी: पोलीस तक्रार

मी इथेच चुकलो. 'सहाशे रुपयांसाठी कुठे पोलीस स्टेशनला जायचं?' असं वाटतं, पण तक्रार पैशांसाठी नसतेच. पुढे तुमच्या कागदांवर कुणी सिम किंवा कर्ज घेतलं, तर 'माझे कागद या तारखेपासून माझ्याकडे नव्हते' याचा तोच पुरावा असतो.

पाकीट हरवलं असेल तर महाराष्ट्र पोलिसांच्या नागरिक पोर्टलवर ऑनलाइन नोंद करता येते. चोरी झाली असेल तर एफआयआरचा आग्रह धरा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही हद्दीत घडला असला तरी जवळच्या पोलीस स्टेशनला तक्रार देता येते, आणि एफआयआरची प्रत फुकट मिळते. पाकिटात कोणकोणती कागदपत्रं होती, त्यांची पूर्ण यादी तक्रारीत लिहा. झेरॉक्ससुद्धा.

आधार लॉक करा

मायआधारच्या वेबसाइटवर किंवा एमआधार ॲपमध्ये आधी १६ अंकी व्हीआयडी तयार करा आणि मग आधार नंबर लॉक करा. त्यानंतर फक्त १२ अंकी नंबर वापरून कुणाला पडताळणी करता येत नाही. तुम्हाला गरज पडली तर व्हीआयडी वापरायचा. बायोमेट्रिक लॉकही तिथेच आहे, तोही चालू करा. अडचण आली तर १९४७ वर फोन.

फोनही गेला असेल तर

बरेच जण फोनच्या कव्हरमध्येच कार्ड ठेवतात, म्हणजे चोराला दोन्ही एकदम मिळतात. अशा वेळी सगळ्यात आधी सिम बंद करा. ओटीपी फोनला येत नाही, नंबरला येतो. तुमचं सिम दुसऱ्या हँडसेटमध्ये टाकलं की तुमचा स्क्रीन लॉक बिनकामाचा. मग बँकेला सांगून यूपीआय बंद करून घ्या. डुप्लिकेट सिम आणि तक्रारीची प्रत मिळाली की संचार साथी पोर्टलवरच्या सीईआयआर सेवेतून हँडसेटचा आयएमईआय ब्लॉक करा.

पुढचे सहा महिने: लक्ष ठेवा

• संचार साथीवर तुमच्या नावावर किती मोबाइल नंबर चालू आहेत ते दिसतं. अनोळखी नंबर असेल तर 'माझा नाही' म्हणून कळवा.

• सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या चारही कंपन्यांना वर्षातून एकदा पूर्ण क्रेडिट रिपोर्ट मोफत द्यावा लागतो. चारही एकदम काढू नका. दर दोन महिन्यांनी एक काढला की तुमची पाळत जवळपास चालूच राहते.

• अनोळखी कर्ज किंवा चौकशी दिसली तर तिथेच हरकत नोंदवा आणि पोलीस तक्रार जोडा. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर रिझर्व्ह बँकेच्या नियमाने पुढच्या प्रत्येक दिवसाला ₹१०० भरपाई मिळते. माझी नोंद पोलीस तक्रारीची प्रत जोडल्यावर निघाली. तारीख दोन दिवस उशिराची होती, त्यावर प्रश्न आलाच. अर्ज त्यानंतरचा होता म्हणून वाचलो.

दुसऱ्याची इलेक्ट्रॉनिक ओळख लबाडीने वापरणं हा माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६६सी खाली गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड होऊ शकतो. त्यामुळे 'जाऊ दे ना' म्हणू नका.

पाकीट खिशात आहे तोवर करायची कामं

• पॅन आणि आधार घरी ठेवा. लायसन्स आणि आरसी डिजिलॉकरमध्ये चालतात.

• झेरॉक्स द्यायचीच असेल तर मास्क्ड आधारची द्या, त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. झेरॉक्सवर कशासाठी दिली आणि तारीख, हे आडवं लिहा.

• सिमला पिन लावा. त्याआधी तुमच्या कंपनीचा मूळ पिन कोणता ते विचारून घ्या, कारण तीनदा चुकला की सिम अडकतं.

• *#०६# डायल करून आयएमईआय बघा आणि बँकेच्या हेल्पलाइन नंबरासोबत घरी वहीत लिहून ठेवा. फोन गेला की फोनमधली नोंद काय कामाची?

सगळं मिळून वीस मिनिटांचं काम आहे. मी ते पाकीट गेल्यावर केलं, तुम्ही आज रात्री जेवण झाल्यावर करून टाका.