दान आणि वाटा

धनवानानें गरिबाला दान द्यावें ही शिकवण बहुतेक सर्व धर्मांत आढळते. ख्रिस्ती धर्म तिला अपवाद नाहीं. परंतु ख्रिस्ती परंपरेंत दानाच्या शेजारीं आणखी एक विचार आरंभापासून चालत आला आहे, आणि तो पचनीं पडण्यास अधिक अवघड आहे. पृथ्वी ईश्वरानें सर्वांसाठीं निर्माण केली. तेव्हां भुकेल्याला जें मिळतें तें मूळचा त्याचाच वाटा होय, दात्याच्या औदार्याचा त्यांत फारसा संबंध नाहीं, असा तो विचार. हा विचार अक्षरशः खरा मानून कांहीं माणसांनीं हातांत कुदळी घेतल्या, तेव्हां काय घडलें, ती हकीकत आज मी आपणांस सांगणार आहें.

या विचाराचें मूळ जुनें आहे. यरुशलेमांतील पहिल्या ख्रिस्ती मंडळींनीं आपल्या जमिनी व घरें विकून आलेलें द्रव्य ज्याच्या त्याच्या गरजेप्रमाणें वांटून घेतलें, असें बायबलांत नमूद आहे. इ. स. ३६९ च्या सुमारास, आजच्या तुर्कस्तानांत असलेल्या सीझेरिया नगरीवर दुष्काळाचें संकट आलें. त्या वेळीं बॅसिल या धर्मगुरूनें भुकेल्यांसाठीं अन्नछत्र चालविलें आणि श्रीमंतांना खडसावून सांगितलें कीं, कोठारांत कोंडलेलें जादा धान्य हें भुकेल्यांचेंच आहे. तेराव्या शतकांत थॉमस अॅक्वायनस या पंडितानें असा निर्णय दिला कीं, प्राणांवर बेतलें असतां कोणी दुसऱ्याचें अन्न घेतलें, तर ती चोरी म्हणतां येत नाहीं. मात्र खासगी मालकी अॅक्वायनसला मान्य होती. जमिनीच्या मालकीलाच हात घालण्याचें धाडस पुढें इंग्लंडांत झालें.

तो काळ मोठा विलक्षण होता. सात वर्षांच्या यादवीनें देश पोळून निघाला होता. ओळीनें पिकें बुडालीं होतीं आणि भाकरी महाग झाली होती. ३० जानेवारी १६४९ रोजीं खुद्द राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद झाला. राजाच गेला, मग त्याच्याबरोबर आणखी काय काय जाणार, हा प्रश्न सामान्य जनांच्या मनांत उभा राहिला.

जेरार्ड विन्स्टन्ली हा त्यांपैकींच एक. विगन गांवीं १६०९ सालीं जन्मलेला हा गृहस्थ लंडनमध्यें कापडाचा व्यापार करीत असे. यादवींत त्याचें दिवाळें निघालें आणि सरे परगण्यांतील कोबहॅम येथें गुरें राखून तो पोट भरूं लागला. एकत्र श्रम करावेत व एकत्र अन्न खावें, असा आदेश समाधि-अवस्थेंत आपल्याला मिळाला, असें तो सांगे. मजुरीनें कोणाकडे राबूं नये आणि मजुरी देऊन कोणाला राबवूंहि नये, हें त्याचें दुसरें सूत्र.

१ एप्रिल १६४९ या दिवशीं तो व त्याचे मोजके सोबती वॉल्टनजवळील सेंट जॉर्जच्या टेकडीवर गेले. ती टेकडी म्हणजे आपल्याकडील गायरानासारखी पडीक जमीन. तेथें त्यांनीं माती खणून गाजरें, पार्सनिप आणि घेवडा लावला. लोक त्यांना 'डिगर', म्हणजे खणणारे, म्हणूं लागले. कोणाच्याहि कुंपणांतील शेताला त्यांनीं हात लावला नाहीं आणि शस्त्रहि उचललें नाहीं. त्यांचें म्हणणें एवढेंच कीं, जमीनदारांचा हक्क १०६६ सालच्या नॉर्मन विजयापासून, म्हणजे तरवारीपासून, सुरू झाला. राजा गेल्यावर तो हक्कहि संपला. निदान पडीक जमीन तरी गरिबांची आहे.

एप्रिलच्या २० तारखेस सेनापति लॉर्ड फेअरफॅक्स याच्यासमोर विन्स्टन्ली व त्याचा सोबती एव्हरार्ड उभे राहिले. त्यांनीं डोक्यावरच्या टोप्या काढल्या नाहींत; सेनापतिहि आपल्यासारखाच ईश्वरानें घडविलेला मनुष्य, असें त्यांचें कारण. फेअरफॅक्सनें त्यांना सौम्यपणें वागविलें. सरकारला ते निरुपद्रवी वाटले. शेजारच्या जमीनदारांना मात्र तसें वाटलें नाहीं. रोपें तुडविलीं गेलीं. जून महिन्यांत बायकांचे पोषाख घातलेल्या पुरुषांनीं चार डिगरांना बेदम मारलें. कोर्टांत त्यांनीं वकील देण्याचें नाकारलें, म्हणून त्यांचें ऐकूनच घेतलें गेलें नाहीं. प्रत्येकीं १० पौंडांचा बोजा मात्र बसला.

मग ते कोबहॅमच्या माळावर गेले. तेथें कांहीं झोपड्या उभ्या राहिल्या आणि सुमारें अकरा एकरांत धान्य डोलूं लागलें. आतां जो विरोधक पुढें आला, तो जॉन प्लॅट हा जमीनदार तर होताच, शिवाय शेजारच्या वेस्ट हॉर्स्ली गांवचा धर्मोपदेशकहि होता. विन्स्टन्लीनें बायबलाचा आधार देऊन आपली बाजू त्याच्यापुढें मांडली. एप्रिल १६५० मध्यें, ईस्टरच्या पवित्र दिवसांत, प्लॅटनें माणसें आणून झोपड्या जाळल्या. दोघेहि एकच ग्रंथ वाचीत होते, ही गोष्ट विसरूं नये.

विन्स्टन्लीला निष्कलंक साधु ठरविण्याचें कारण नाहीं. १६५२ सालीं त्यानें क्रॉम्वेलला अर्पण केलेल्या पुस्तकांत सार्वजनिक कोठारांची योजना आहे. ज्यानें त्यानें पिकविलेलें तेथें आणावें व लागेल तें न्यावें. पण त्याच पुस्तकांत जमिनीची खरेदी-विक्री करणाऱ्यास देहान्ताची शिक्षाहि सांगितली आहे. शस्त्र न उचलणारा मनुष्य कायदा लिहावयास बसला, कीं त्याच्याहि हातांत फांस येतो!

पुढें सासऱ्याकडून मिळालेल्या मालमत्तेवर तो कोबहॅममध्येंच स्थिरावला. १६६० सालीं तो गांवच्या गरिबांची देखभाल करणारा अधिकारी झाला. ज्यानें गरिबांसाठीं वाटा मागितला, त्याच्या हातीं समाजानें दानाची थैली दिली. ती त्यानें घेतली, याबद्दल त्याला दोष देण्याचा अधिकार आपणांस आहे काय? भुकेला मनुष्य तत्त्वाचा निकाल लागेपर्यंत थांबूं शकत नाहीं.

ती टेकडी अजून आहे. तिच्यावर आज गोल्फचें मैदान आणि अतिश्रीमंतांचे बंगले आहेत, आणि वाटेवर फाटक व पहारेकरी आहेत. दान देऊन झाल्यावर आपलें मन हलकें होतें, हा आपणां सर्वांचा अनुभव आहे. तें हलकें झालेलें मन घेऊन आपण घरीं परतत असतां, जें दिलें तें खरोखर आपलें होतें काय, एवढा एकच प्रश्न त्या गुराख्यानें मागें ठेवला आहे.