प्रतिबंध की उपचार? : इंग्लंडमधील ‘प्रीप’ औषधाच्या खर्चाचा वाद (२०१२-२०२०)

सार्वजनिक आरोग्यावरील खर्चाची जबाबदारी कोणाची, हा प्रश्न सहसा अंदाजपत्रकाचा मानला जातो. इंग्लंडमध्ये एच.आय.व्ही. प्रतिबंधक ‘प्रीप’ औषधाबाबत तो कायद्यातील व्याख्येचा ठरला. प्रस्तुत लेखात या वादाचा मागोवा घेतला आहे.

२०१२ च्या आरोग्य व सामाजिक सेवा कायद्यानुसार १ एप्रिल २०१३ पासून लैंगिक आरोग्याची चिकित्सालये स्थानिक स्वराज्य संस्थांकडे आली, एच.आय.व्ही. बाधितांचे उपचार मात्र ‘एन.एच.एस. इंग्लंड’ या मध्यवर्ती यंत्रणेकडे राहिले. परिणामी चाचणीचा खर्च एकाचा आणि बाधा निघाल्यास पुढील उपचाराचा खर्च दुसऱ्याचा, अशी विभागणी झाली. बाधितांच्या उपचारात वापरली जाणारी टेनोफोविर व एमट्रिसिटाबिन ही औषधेच ‘प्रीप’च्या गोळीत असल्याने ती या विभागणीत नीट बसेना. गोळीच्या परिणामकारकतेबद्दल शंका उरली नव्हती. ५४४ जणांच्या ‘प्राउड’ अभ्यासात (२०१५) संसर्गाचे प्रमाण ८६ टक्क्यांनी घटलेले आढळले होते.

तरीही मार्च २०१६ मध्ये, प्रतिबंध हे स्थानिक संस्थांचे काम आहे, अशी भूमिका घेऊन एन.एच.एस. इंग्लंडने माघार घेतली. स्थानिक संस्थांचे सार्वजनिक आरोग्य अनुदान २०१५-१६ मध्येच २० कोटी पौंडांनी कापले गेले होते. विषाणूशी संपर्क आल्यानंतर द्यावयाच्या प्रतिबंधक औषधाचा खर्च हीच मध्यवर्ती यंत्रणा करीत होती, हे लक्षात घेता तिचा युक्तिवाद दुबळाच म्हणावा लागतो. ‘नॅशनल एड्स ट्रस्ट’ने न्यायालयात धाव घेतली. २ ऑगस्ट २०१६ रोजी न्यायमूर्ती ग्रीन यांनी व १० नोव्हेंबरला अपील न्यायालयाने एन.एच.एस. इंग्लंडला असा खर्च करण्याचा अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. अधिकार आहे, बंधन नाही, हा त्यातील कळीचा भेद होय. पुढील दिरंगाईला त्यातूनच वाव मिळाला.

दरम्यान, ट्रुवाडाच्या ३० गोळ्यांची अधिकृत किंमत ३५५ पौंडांच्या घरात असताना अनेकांनी भारतात तयार झालेल्या स्वस्त जेनेरिक गोळ्या स्वखर्चाने मागविल्या. शासकीय चिकित्सालये त्यांच्या मूत्रपिंडाच्या तपासण्या करून देत. गोळी मात्र देऊ शकत नसत. स्कॉटलंडने २०१७ मध्येच ती नियमित आरोग्यसेवेत आणली. इंग्लंडने मात्र ऑक्टोबर २०१७ मध्ये ‘इम्पॅक्ट’ ही आणखी एक चाचणी आरंभली. तिच्या १०,००० जागा पुढे २६,००० पर्यंत वाढविण्यात आल्या. जागा भरल्या, की चिकित्सालयांना लोकांना परत पाठवावे लागे.

नियमित पुरवठ्याचा निर्णय मार्च २०२० मध्ये जाहीर झाला. गोळीचा खर्च एन.एच.एस. इंग्लंडने, तर चाचण्या व चिकित्सालयांचा खर्च स्थानिक संस्थांनी करावा, असे ठरले. त्यासाठी २०२०-२१ या वर्षाकरिता स्थानिक संस्थांसाठी १.६ कोटी पौंडांपर्यंतची तरतूद जाहीर झाली.